मेंढा पामीरचा, हिशेब कुणाचा?

ताजिकिस्तानातल्या पामीर पठारावरून सायकलवाले, गिर्यारोहक आणि छायाचित्रकार सप्टेंबर सरता सरता परततात. त्यांच्या मागोमाग एक वेगळा पाहुणा येतो. बहुधा अमेरिकन किंवा युरोपीय, वयाने पन्नाशीपुढचा, खिशाने भक्कम. दुशान्बेला किंवा शेजारच्या किर्गिझस्तानातल्या ओशला विमानातून उतरून तो दोन-दोन दिवस जीपमध्ये हाडे खिळखिळी करून घेतो आणि चार हजार मीटर उंचीवरच्या एखाद्या तळावर पोचतो. पारा शून्याखाली तीस अंशांवर, श्वासाला हवा अपुरी आणि समोरच्या उतारावर मार्को पोलो मेंढ्यांचा कळप. त्यातला एक बुजुर्ग नर, ज्याची शिंगे वळसा घेऊन बाहेर फाकलेली आहेत, तो तीनशे-चारशे मीटरवरून टिपायचा, शिंगे आणि कातडे घरी न्यायचे, मांस तिथल्या लोकांसाठी सोडायचे. या आठवडा-दहा दिवसांसाठी पाहुणा तीस-चाळीस हजार डॉलर, कधी त्याहूनही जास्त मोजतो. मळसूत्री शिंगांचा मारखोर हा रानबोकड हवा असेल तर आकडा लाख डॉलरच्या पुढे जातो. ज्या देशातली लाखो कुटुंबे रशियात मजुरीला गेलेल्या पोरांच्या मनिऑर्डरीवर जगतात, त्या देशात हे घडते.

आपल्याकडे हे वाचून कपाळाला आठ्या पडतात, आणि ते स्वाभाविक आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या दोन पिढ्यांना शिकार म्हटले की संस्थानिकांचे जुने फोटो आठवतात: मेलेला वाघ, त्यावर ठेवलेला बूट आणि शेजारी गोरा पाहुणा. त्यामुळे पामीरमधली शिकार बंद करा, असे कुणी म्हटले की आपण मान डोलावतो. मला ही मान डोलावणी घाईची वाटते. शिकाऱ्याच्या शौकाबद्दल मला प्रेम नाही. पण पामीरमध्ये ज्या काळात शिकारीचा पैसा जवळजवळ नव्हता, त्या काळात मेंढ्यांचे काय झाले हे पाहिले, तर बंदीची मागणी करणाऱ्याने आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: मग राखणदाराचा पगार कोण देणार? आणि शिकारीचे गोडवे गाणाऱ्याने दुसऱ्या प्रश्नाचे: तो पगार खरोखर राखणदारापर्यंत पोचतो का? माझ्या मते या वादात महत्त्वाचे प्रश्न हे दोनच आहेत. गोळी कोणी झाडली, हा त्यांच्या मानाने दुय्यम.

या मेंढ्याची ख्याती जुनी. तेराव्या शतकात मार्को पोलोने पामीर ओलांडताना प्रचंड शिंगांच्या रानमेंढ्यांची नोंद केली; मेंढपाळ त्या शिंगांचे वाडगे करतात आणि गुरांसाठी कुंपणही रचतात, असे त्याने लिहिले. युरोपला ते अर्धवट थाप वाटत असे. 1838 मध्ये आमूदर्याच्या उगमाच्या शोधात निघालेला जॉन वूड हा नौदलातला अधिकारी पामीरला पोचला, शिंगे परत आणली गेली आणि 1841 मध्ये एडवर्ड ब्लाइथने या प्राण्याला पोलोचेच नाव दिले. एका शिंगाची लांबी वळणासकट मोजली तर दीड मीटरच्या पुढे सहज जाते. विक्रमी शिंग 190 सेंटिमीटरचे आहे. पूर्व पामीरमध्ये, म्हणजे मुर्गाब जिल्ह्यात, हे मेंढे टिकले याचे कारण तिथे दुसरे काही टिकत नाही. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, झाड औषधालाही सापडत नाही आणि आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या दुप्पट-तिप्पट मुलुखात पंधरा-सोळा हजार माणसे राहतात, त्यातली बहुतेक याक आणि मेंढ्या पाळणारी किर्गिझ.

सोव्हिएत काळात या माणसांना कोळसा, पीठ, डिझेल सगळे ट्रकने वरून येत असे. 1991 मध्ये ते ट्रक थांबले आणि 1992 ते 1997 यादवी युद्ध पेटले. मग दोन गोष्टी झाल्या. लोक चुलीसाठी तेरेस्केन नावाचे झुडूप मुळासकट उपटू लागले. हे झुडूप इंधन तर आहेच, पण हिवाळ्यात याकचा आणि रानमेंढ्याचा चाराही आहे, आणि त्या थंड वाळवंटात एकदा उपटले की ते लवकर परत उगवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बंदुका. युद्धामुळे कलाश्निकोव्ह घरोघरी आल्या, सीमेवरच्या चौक्यांतही त्या होत्याच, आणि भुकेल्या घराला मेंढ्याचे मांस फुकट मिळत होते. मुर्गाबच्या बाजारात रानमेंढ्याचे मांस उघड विकले जाई. तेव्हाही कायद्याने हा प्राणी संरक्षित होता, लाल यादीच्या पुस्तकात त्याचे नाव होते. फक्त ते पुस्तक दुशान्बेच्या कचेरीत होते आणि मेंढा चार हजार मीटरवर. कागदावरची बंदी आणि डोंगरातली बंदी यांत किती अंतर असते, ते त्या दशकाने मेंढ्यांचे मुडदे पाडून दाखवले.

परदेशी शिकाऱ्यांना बोलावण्याची सुरुवात सोव्हिएत काळाच्या अखेरीसच झाली होती, परकीय चलनासाठी. युद्धानंतर काही खासगी तळ पुन्हा उभे राहिले. तळवाल्याला मोठी शिंगे हवीत, म्हणून त्याला चोरटी शिकार नको, म्हणून तो माणसे ठेवून आपला मुलुख राखतो. हिशेब सरळ व्यापारी आहे, त्यात पर्यावरणप्रेम शोधू नये. पण परिणाम मोजता येतो. 2009च्या हिवाळ्यात पूर्व पामीरमध्ये झालेल्या मोजणीत वीस हजारांहून जास्त मार्को पोलो मेंढे दिसले. पुढे संशोधकांनी मुर्गाबमधल्या एका शिकारतळाच्या मुलुखाची तुलना शिकारीचे व्यवस्थापन नसलेल्या दुसऱ्या भागाशी केली, तेव्हा शिकारतळाकडे मेंढे आणि आयबेक्स जातीचे रानबोकड जास्त निघाले आणि त्यांच्यावर जगणारे हिमबिबटेही जास्त. वर्षाकाठी अधिकृत परवाने साधारण शंभराच्या आतबाहेर दिले जातात. वीस हजारांतून शंभर म्हणजे अर्धा टक्का. लांडगे, हिमवृष्टी आणि चोरटे शिकारी यांचा वाटा याच्या कितीतरी पट आहे. रोगही येतातच: 2010 मध्ये ताजिकिस्तानातच न्यूमोनियाच्या एका साथीत किमान 64 मारखोर मेले. इतके मारखोर शिकाऱ्यांना मारायला कित्येक वर्षे लागली असती.

तरी खासगी तळांपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा प्रयोग, गावांचा. पामीरच्या पश्चिमेकडे, अफगाणिस्तानच्या सीमेवरून वाहणाऱ्या प्यांज नदीच्या वरच्या कड्यांवर मारखोर राहतो. 1990च्या दशकात त्याची संख्या काहीशेच उरली होती. तिथल्या काही गावांतल्या पारंपरिक शिकाऱ्यांनी, ज्यांच्या बापजाद्यांनी हेच प्राणी मारून घरे चालवली, त्यांनीच राखणदारी हाती घेतली. वाट, खिंड, पाणवठा, नर कुठल्या दिवसांत खाली उतरतो, चोर कुठून येतो, हे सगळे त्यांना पाठ. बाहेरून आणलेल्या कोणत्याही वनरक्षकाला ते दहा वर्षांत शिकता आले नसते. बाहेरच्या संस्थांनी दुर्बिणी, थोडे पैसे आणि मोजणीचे शिक्षण दिले. गावकऱ्यांनी बरीच वर्षे एकही परवाना न घेता आधी राखण केली आणि मगच, 2010च्या दशकाच्या मध्याला, मारखोरचे मोजके परवाने सुरू झाले. 2012 पासूनच्या मोजण्यांत हजाराहून जास्त मारखोर दिसू लागले. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने मारखोरला ‘धोक्यात’ या वर्गातून काढून दोन पायऱ्या सुरक्षित वर्गात नेले. त्यामागे ताजिकिस्तानबरोबर पाकिस्तानचाही वाटा आहे, आणि पाकिस्तानातली गोष्ट आपल्याला मुद्दाम समजून घ्यायला हवी.

बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात 1980च्या दशकाच्या मध्याला शंभरही मारखोर उरले नव्हते, असा अंदाज होता. तिथल्या जोगेझई घराण्याच्या पुढाकाराने टोळीतल्या लोकांनी शिकार थांबवली, आपल्याच पोरांना राखणदार नेमले आणि दरवर्षी एक-दोन परदेशी शिकाऱ्यांच्या पैशावर त्यांचे पगार चालवले. 2011च्या मोजणीचा आकडा तीन हजारांवर होता. गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालमध्ये हेच सरकारी चौकटीत बसवले गेले: परवान्याच्या रकमेतले 80 टक्के गावाच्या संवर्धन समितीला, 20 टक्के सरकारला. 1997 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोरांची मुभा दिली, 2002 मध्ये बारांची. बारा आणि तेही लिलावाने. म्हणून अलीकडे एकेका परवान्याची बोली दोन लाख डॉलरच्या पुढे गेली. त्या पैशातून शाळेची खोली, पाण्याचा पाट, आजाऱ्याला गिलगिटला नेण्याचा खर्च असली कामे होतात. नियंत्रण रेषेच्या अलीकडे, आपल्या काश्मीरमध्ये, काझीनाग आणि हिरपोराच्या डोंगरांत याच मारखोरची संख्या 2004-05च्या पाहणीत साडेतीनशेच्या आसपास निघाली होती. इथे कायदा कडक आहे, शिकारीला मुभा शून्य आहे. ही तुलना ताणून धरू नये. काश्मीरमध्ये कुंपण, दहशतवाद, बाहेरून येणारे हजारो मेंढ्यांचे कळप ही वेगळी कारणे आहेत. पण कायदा जितका कडक तितके प्राणी जास्त, या आपल्या आवडत्या समीकरणाला त्यातून आधार मिळत नाही, एवढे तर नक्की.

आता आक्षेपांकडे. पहिला नैतिक: मजेसाठी जीव घेणे वाईटच, पैसा कुठेही जावो. हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही आणि खोडायची इच्छाही नाही. भिंतीवर टांगायला म्हणून एक दहा-अकरा वर्षांचा मेंढा मारावा, यात मलाही काही उदात्त दिसत नाही. पण नैतिकता फक्त बंदुकीच्या नळीपाशी मोजायची, हे सोयीचे आहे. पामीरमधल्या याकवाल्याचा एक याक हिमबिबट्याने मारला की त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा तुकडा जातो. त्याने सूडाने बिबट्या मारू नये, चाऱ्यासाठी रानमेंढ्यांशी स्पर्धा करू नये, भूक लागली तरी बंदूक उचलू नये, हे आपण त्याला दुरून सांगतो आणि त्याबदल्यात काहीही देत नाही. हीच तऱ्हा आपल्या घराजवळही आहे. रानडुकरे आणि नीलगाई विदर्भातल्या शेतकऱ्याचे रात्रीत शेत साफ करतात आणि त्या प्राण्यांवरचे प्रेम मात्र शहरात वाटले जाते. 2016 मध्ये बिहारमध्ये नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर जुंपली होती. प्राणी वाचवण्याचा खर्च नेहमी त्याच्या शेजारच्या गरिबाने उचलायचा आणि पुण्य लांबच्याने घ्यायचे, ही वाटणीही नैतिक नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: बंदुकीऐवजी कॅमेरा का नाही? लडाखमध्ये हे जमले आहे. हेमिसच्या परिसरात रुंबकसारख्या गावांत घरोघरी पाहुणे राहतात, हिवाळ्यात हिमबिबट्या पाहायला लोक रांग लावतात आणि ज्या बिबट्याला पूर्वी दगडांनी मारत, त्याला आता गाव जपते. देशव्यापी मोजणीत भारतात 718 हिमबिबटे निघाले, त्यातले 477 लडाखमध्ये. पण लेहला दिल्लीहून दीड तासात विमान येते, फिरायला निघणारे कोट्यवधी देशी लोक मागे आहेत, रस्ते लष्कराच्या गरजेमुळे चालू ठेवलेले आहेत. मुर्गाबला नियमित विमान नाही. खोरोग शहराहून येणारा पामीर महामार्ग नावाचाच महामार्ग आहे. ताजिकिस्तानचा स्वतःचा पर्यटक म्हणजे सुट्टीवर आलेला मजूर. 2018 मध्ये दंगारा भागात चार परदेशी सायकलस्वारांचा खून झाला, मग कोविड आला, मग 2021 आणि 2022 मध्ये किर्गिझस्तानशी सीमेवर चकमकी झाल्या. असे एकेक झाले की हजार पर्यटक एकदम गळतात. एक शिकारी जे देतो ते गोळा करायला शंभरावर प्रवासी लागतात, आणि त्या शंभरांना डिझेल, लाकूड, पाणी, खोल्या सगळे पुरवावे लागते, तेही जिथे चुलीला तेरेस्केन उपटावे लागते अशा मुलुखात. कॅमेरा यावा, जरूर यावा. पामीरमधल्याच अलिचूरसारख्या काही ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत. पण तो येईपर्यंत राखणदाराला घरी बसवायचे का?

तिसरा आक्षेप कझाकस्तानचा दाखला देतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तिथला सायगा हरिण 2003च्या सुमारास वीस हजारांवर आला होता. सरकारने शिकार बंद केली, गस्ती पथके उभारली, मोठे राखीव प्रदेश जाहीर केले. 2015 मध्ये काही आठवड्यांत दोन लाख सायगा रोगाने मेले, तरी 2022 मध्ये त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. म्हणजे शिकाऱ्याशिवाय प्राणी वाचू शकतो. खरे आहे. पण त्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेले आहे: पैसे असतील तर. कझाकस्तान तेलावर बसलेला देश आहे. त्याला गस्तीच्या जीपा, पगार आणि हेलिकॉप्टर परवडतात. ताजिकिस्तानचे राष्ट्रीय उत्पन्न काही वर्षी निम्म्याच्या आसपास परदेशातल्या मजुरांच्या पैशावर उभे असते. शिवाय सायगा सपाट माळावर राहतो, तिथे गस्त घालणे शक्य आहे. पामीरच्या दऱ्यांत गस्त घालायला त्या दरीतलाच माणूस लागतो. कुणी श्रीमंत देश किंवा संस्था कायमस्वरूपी, वर्षानुवर्षे, न चुकता हे पगार देणार असेल, तर मी माझे म्हणणे मागे घेईन. प्रकल्पांचा पैसा तीन वर्षांनी संपतो. मेंढा तेवढ्यात मोठाही होत नाही.

शास्त्रज्ञांची शंका वेगळी आहे आणि तिच्यावर शिकारी मंडळी फार बोलत नाहीत. सर्वांत मोठ्या शिंगांचे नर सतत निवडून मारले तर वंशात लहान शिंगे उरतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाच्या डोंगरावर बिगहॉर्न मेंढ्यांचा अनेक दशके अभ्यास झाला, त्यात शिंगांचा आकार घटल्याचे 2003 मध्ये मांडले गेले. घट नेमकी किती आणि कशामुळे, यावर अजून वाद आहे. पामीरमध्ये परवाने थोडे असल्याने धोका कमी आहे, पण शून्य नाही. उपाय सोपा आहे: इंच पाहू नका, वय पाहा. शिंगावरच्या वलयांवरून वय कळते. दहा वर्षांपुढचा नर बहुधा आपली वीण उरकून बसलेला असतो. अडचण अशी की हौशी शिकाऱ्यांच्या विक्रमांच्या वह्या इंचांत लिहिल्या जातात. शिकारी स्वतःला संवर्धक म्हणवतात, तर त्यांनी आधी त्या वह्या फाडाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. लहान पण म्हातारा मेंढा मारून समाधानाने परतणारा शिकारी पाहायला मिळाला तर मी त्याच्या दाव्यावर विश्वास ठेवीन.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे ताजिकिस्तानची बाजू लंगडी पडते. पाकिस्तानात 80-20ची वाटणी कागदावर स्पष्ट आहे, लिलाव जाहीर होतो, बोली वर्तमानपत्रात छापून येते. गावाला आपला वाटा मागता येतो कारण आकडा सगळ्यांना माहीत असतो. ताजिकिस्तानात परवाने वरून ठरतात, तळ कुणाला मिळतो हे ओळखीपाळखीवर अवलंबून असते आणि खासगी तळाच्या शेजारच्या किर्गिझ गावाला शिकाऱ्याने किती मोजले हे कळायचा मार्गही नसतो. काही तळ गावातल्या दहा-बारा माणसांना रोजगार देतात, थोडे मांस वाटतात, आणि तेवढ्यावर काम भागवतात. गाव मग विचारते, आणि बरोबर विचारते: हा मेंढा आमच्या कुरणात चरतो, तर आमचा वाटा कुठे? जिथे हे उत्तर मिळत नाही तिथे रात्रीच्या बंदुका परत निघतात, हा अनुभव जुना आहे. त्यात गेल्या काही वर्षांत एक मोठे संकट ओढवले. 2021च्या नोव्हेंबरात खोरोगमध्ये सरकारविरोधी निदर्शने झाली, महिनोन्महिने बदख्शानचे, म्हणजे पामीरच्या प्रांताचे, इंटरनेट तोडले गेले, 2022च्या मे महिन्यात रुशानमध्ये सरकारी कारवाईत अनेक माणसे मेली आणि त्यानंतर अनेक स्थानिक संस्था बंद पाडल्या गेल्या. ज्या देशात गावकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढणेच संशयास्पद ठरते, तिथे गावाच्या हातातली शिकार टिकेल कशी? मारखोर वाचवणारी गोष्ट गोळी नव्हती, डॉलरही नव्हता. प्यांजकाठच्या त्या गावांचा एकमेकांवरचा विश्वास होता, आणि तोच आता दुशान्बेला नकोसा झाला आहे.

म्हणूनच मला बंदीचा आग्रह चुकीच्या जागी लावलेला जोर वाटतो. ब्रिटनमध्ये 2023 मध्ये शिकारीची शिंगे-कातडी आयात करण्यावर सरसकट बंदीचे विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि वरच्या सभागृहात रखडले. सरसकट बंदी घालायची तर तोरघरचे मारखोर आणि एखाद्या भ्रष्ट तळावरचे मेंढे एकाच पारड्यात जातात. अमेरिकेची पद्धत त्यापेक्षा उपयोगी पडण्यासारखी आहे. तिथल्या कायद्यात ताजिकिस्तान, किर्गिझस्तान आणि मंगोलियाचे अरगली मेंढे, ज्यांची मार्को पोलो मेंढा ही एक उपजात, संकटग्रस्त यादीत आहेत. त्यांची शिंगे आणायला वन्यजीव खात्याचा आयातपरवाना लागतो आणि ही शिकार प्राण्याच्या भल्याला हातभार लावते का, हे खाते तपासते. पामीरला येणाऱ्या शिकाऱ्यांत अमेरिकन मोठ्या संख्येने असल्याने या एका कागदाला दुशान्बेत वजन आहे. आज त्या तपासणीचा भर मोजणीवर आणि कोट्यावर असतो. त्यात आणखी तीन रकाने घालता येतील: शिकाऱ्याने एकूण किती रक्कम दिली, त्यातली किती मुलुखाच्या गावाला मिळाली, आणि ती मिळाल्याची गावसभेची सही कुठे आहे. तिसरा रकाना रिकामा असेल तर शिंगे ओशच्या विमानतळावरच राहतील.